मधली पट्टी

शर्वरी: पुन्हा बघा ना बाबा. बातम्या देणारीचा चेहरा निळा दिसतोय.

भालचंद्र: पांढराच आहे. तिवारीने निळा दिसतो म्हणून परत आणला, पण त्याच्या घराच्या भिंतीच निळ्या, त्याला टीव्ही काय करणार?

शर्वरी: टीव्ही आता आपल्या टेबलावर आहे. आपल्या भिंती पिवळ्या आहेत.

भालचंद्र: शरू, मी आयुष्यभर कारखान्यात वायरिंग केलं. निवृत्त झाल्यावर अर्ध्या अवधपुरी कॉलनीचे टीव्ही दुरुस्त केले. तू एम.एस्सी. झालीस म्हणून मला पांढरा रंग शिकवू नकोस.

शर्वरी: मग तिवारीजी दारात उभं राहून ते का बोलले?

भालचंद्र: "नया बोलके पुराना माल लगा दिया, साहब." तुझ्या आईसमोर! कारखान्यातला एक स्क्रू कधी खिशात घालून आणला नाही मी.

शर्वरी: माहितीये. म्हणूनच खोलतेय. सरका जरा, पॅनेल उचलू द्या.

(पडदा काढलेल्या टीव्हीत दिव्यांच्या तीन पट्ट्या पेटतात.)

शर्वरी: आता सांगा. वेगळी कुठली?

भालचंद्र: कुठलीच नाही. तिन्ही सारख्या. झालं समाधान?

शर्वरी: मधली जांभळट-निळी आहे.

भालचंद्र: थट्टा करतेस का?

शर्वरी: नाही हो. प्लग काढलाय, आता ती उचलून मागून बोट फिरवा.

भालचंद्र: ...खरखरीत लागतंय.

शर्वरी: जुना गोंद आहे. नव्या पट्टीला असा वाळलेला गोंद कुठून येणार? तुम्ही काढलेली जुनी आणि लावायची नवी, दोन्ही इथेच टेबलावर होत्या ना?

भालचंद्र: म्हणजे त्याचीच जुनी काढली आणि त्याचीच परत लावली. तिवारी खरं बोलला.

शर्वरी: अर्धं खरं. जानबूझकर थोडीच लावलीत? ऐका. आतला दिवा मुळात निळाच असतो. त्याच्यावर पिवळा थर असतो, म्हणून उजेड पांढरा दिसतो. थर जळला की निळं उरतं.

भालचंद्र: ते कळतं मला. पण मला निळं का दिसत नाही?

शर्वरी: कारण तो पिवळा थर तुमच्या डोळ्यांत आलाय, बाबा. मला तरी मोतीबिंदूच वाटतो. जळलेली पट्टी तुम्हालाच तेवढी पांढरी दिसते.

भालचंद्र: आईने सांगितलं वाटतं तुला.

शर्वरी: काय?

भालचंद्र: काही नाही. निळा समजून काळा स्वेटर घालून गेलो होतो लग्नाला.

शर्वरी: आणि तरीही रोज नातीला, पिंकीला, स्कूटरवर शाळेत सोडताय?

भालचंद्र: माझ्या दत्तूदादाचा डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच गेला. मी होतो तिथे. डोळ्यावरची पट्टी सोडली आणि तो विचारायला लागला, "लाइट गेली का रे?"

शर्वरी: यार बाबा... हे कधी बोलला नाहीत.

भालचंद्र: बोलून काय? डोळे गेलेल्या माणसाकडे टीव्ही कोण आणून देईल?

शर्वरी: गेलेले नाहीत. दाखवायचेत फक्त. मी असेन ना बरोबर, दवाखान्यात आत येऊ देतील तिथपर्यंत. आणि तिवारीजींना मी सांगते, दुकानदारानेच खराब पट्टी दिली. बात खतम.

भालचंद्र: म्हणजे आता दुकानदाराला चोर ठरवायचं?

शर्वरी: मग काय सांगू?

भालचंद्र: तू नको. मी सांगतो. दिसलं नाही, म्हणून जुनी लावली. हसला तर हसू दे.

शर्वरी: आणि पिंकीची शाळा?

भालचंद्र: ...उद्यापासून तू सोड. स्कूटरची किल्ली खिळ्यावर आहे.

शर्वरी: फोन लावू तिवारीजींना?

भालचंद्र: थांब. आधी टीव्ही नीट करून ठेवू. ह्यातली नवी, पांढरी पट्टी कुठली, तेवढी माझ्या हातात दे.