शटरखालचं शून्य काम

शून्य! तुम्हाला सांगते, अर्धवट उघडलेलं शटर खांद्यावर घेऊन मी उभी, घाम डोळ्यांत उतरतोय, पुसायला हात रिकामा नाही, आणि हा मनुष्य समोर उभा राहून मला काय म्हणतो, तर "वहिनी, शास्त्राप्रमाणे बघायला गेलं तर तुम्ही आत्ता काहीच काम करत नाही आहात." काहीच! हा मनुष्य म्हणजे माझे धाकटे दीर. शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात. घरीदारी सगळे त्यांना सर म्हणतात, माझा नवरा सख्खा मोठा भाऊ, तोसुद्धा सर म्हणतो, आणि सर म्हटलं की यांना समोर फळा दिसायला लागतो, मग फळ्याच्या जागी वहिनी मरत का असेना!

झालं काय, आमचं झेरॉक्सचं दुकान. आमचं म्हणायचं, उघडते मी, बंद करते मी. सतरा वर्षं! कुलूप काढायचं, एक झटका द्यायचा, खडखडखड करत शटर वर. त्या दिवशी एक मुलगी आठपासून पायरीवर बसलेली, साडेनऊला नोकरीची मुलाखत, अकरा सर्टिफिकेटांच्या प्रती हव्यात. शटर छातीपर्यंत आलं न आलं, ती वाकून आत शिरली, तेवढ्यात वरून ठाण्णकन आवाज आणि सगळं वजन खाली यायला लागलं... खांदा घातला म्हणून थांबलं, नाहीतर बाई आत आणि नोकरी बाहेर! नवरा स्कूटरवरून सोडायला आलेला, तिथेच होता. त्याने शटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "दोनातली एक स्प्रिंग गेली. सोडू नका हां, आदळलं तर पट्ट्या रुळातून निघतील, मग दिवसभर उघडायचं नाही." नवरा म्हणाला, "तू धर, मी त्याला घेऊन आलोच."

आलोच! या माणसाचं 'आलोच' म्हणजे काय असतं ते मला विचारा.

तो गेला आणि सर आले. शाळेला सुट्टी, काखेत प्रश्नपत्रिका, वहिनीकडून चाळीस प्रती काढून घ्यायच्या. मला वाटलं, सुटले! म्हटलं, भाऊजी, जरा हात लावा. तर हे दोन पावलं मागे सरकले, वर बघितलं, खाली बघितलं, चेहऱ्यावर असा आनंद, जसं काही मी त्यांच्या वर्गासाठीच हे मांडून ठेवलंय! "वहिनी, वा! किती सुंदर उदाहरण! काम म्हणजे काय? बल गुणिले विस्थापन. शटर हलतंय का? नाही. विस्थापन शून्य. मग काम?" आणि थांबले हो! उत्तरासाठी थांबले! मी शटरखालून बोट वर करू की काय?

म्हटलं, अहो, खांदा मोडला माझा. "ती स्नायूंची अंतर्गत बाब झाली. शटरवर तुम्ही केलेलं काम... शून्य!" बरं, म्हटलं, रोज सकाळी उचलते त्याचं काय, तेव्हा तर हलतं ना? तर लगेच पेन काढलं, माझ्याच गिऱ्हाइकाच्या, पायरीवर राहिलेल्या पाकिटावर आकडेमोड. "साठ किलो धरू... एवढी उंची... साधारण साडेआठशे ज्यूल. वहिनी, एका बिस्किटात याच्या शंभरपट ऊर्जा असते!" मग बिस्किट लावा ना शटरला! टेकवा इथे खांद्याखाली एक बिस्किट, मी जाते घरी!

बरं, आत ती मुलगी. मशीन तिने आयुष्यात पाहिलेलं नाही. मी खांद्यावर शटर घेऊन ओरडतेय, अगं हिरवं बटण, हिरवं! कागद पालथा घाल! आता झाकण लाव! आणि बाहेर सर चालूच, "ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, ती फक्त एकीकडून दुसरीकडे जाते." जाते ना! माझ्यातून जातेय, दिसतेय मला जाताना!

पण काम? शून्य.

तुम्हाला सांगते, राग शटरचा नव्हता हो. नवरा सतरा वर्षं काय म्हणतो? "दुकानात बसून तर असतेस." त्याआधी, दुकान नव्हतं तेव्हा, सासूबाई दीड वर्ष अंथरुणावर होत्या, हातातली नोकरी सोडून कोण थांबलं? मी. काय केलंस विचारलं तर सांगणार काय? कुठे हलले नाही, पडू दिलं नाही, एवढंच. आता त्याला शास्त्राचाही शिक्का! विस्थापन नाही, काम नाही.

तेवढ्यात ती मुलगी अकरा कागद छातीशी धरून वाकून बाहेर आली. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं. आणि काय म्हणाली माहितेय? "काकू, मी धरू थोडा वेळ?" अहो, जिला पळायचं होतं ती म्हणाली! म्हटलं, जा बाई तू, धाव. आणि सरांकडे वळले. म्हटलं, भाऊजी, इकडे या. जरा खांदा लावा. "मी?" अहो, शून्य काम आहे, त्यात कसली आलीय अडचण!

लावला बिचाऱ्यांनी. नाही म्हणणार कुठल्या तोंडाने? मी आत गेले, खुर्चीवर बसले, बिस्किटांचा पुडा फोडला. एक मिनिट झालं. "वहिनी..." मी म्हटलं, हलतंय का शटर? "नाही हो, पण हात..." मग विस्थापन? "शून्य, पण वहिनी, पाय कापतायत!" अंतर्गत बाब, भाऊजी! दुसरं बिस्किट खाल्लं. सावकाश.

तिसरं संपतंय तोच, चौथ्या मिनिटाला नवरा आला. शटरवाल्याला घेऊन, दोघांच्या हातात चहाचे कागदी कप! 'आलोच'! आणि आल्या आल्या माझ्यावरच, "अगं, काय हे! सरांना किती वेळ उभं केलंस? काय हाल झालेत त्यांचे!" चार मिनिटं हो! माझी पंचवीस झाली तेव्हा हे चहा ढोसत होते!

शटरवाला मात्र शहाणा. ओंडके लावून शटर टेकवलं, वर चढला, तुटलेली स्प्रिंग काढून माझ्या हातात दिली. "ताई, संध्याकाळी तुम्ही शटर खाली ओढता ना, तो जोर हिच्यात साठून राहतो. सकाळी हीच तो परत देते, म्हणून हलकं जातं." मी ती हातात फिरवून बघितली. सतरा वर्षांत माझ्याकडून घेतलेलं परत देणारी त्या अख्ख्या घरादारात ही एकटीच होती... आणि तीच तुटली.

आता कालपासून सर पलंगावर. खांदा धरलाय म्हणे. दर अर्ध्या तासाला गरम पाण्याची पिशवी. आणि पडल्या पडल्या मलाच शिकवतायत, "वहिनी, बघा, उष्णता पिशवीतून खांद्यात जाते." म्हटलं, आणि पिशवी भरणारीचं काय? तर पेपरामागून नवरा म्हणतो, "बसलीच आहेस तर अजून एक भर की!"

भरतेय. काय करणार? तीन बिस्किटं खाल्ली होती ना त्या दिवशी... तीनशे शटरं जिरायची आहेत अजून.