गॉर्डनला जिवंत ठेव

अगं, तू फक्त ऐक! यॉर्कशरच्या त्या रहस्यकथा लेखकांच्या संमेलनात मी सहीच्या रांगेत उभी. पुढे विनी नावाची म्हातारी, टेबलापलीकडे लेखिका थिया.

"बाळा, गेल्या वर्षी इथल्या लिलावात माझ्या नवऱ्याने, गॉर्डनने बोली लावली होती, तुझ्या पुढच्या पुस्तकातल्या एखाद्या पात्राला त्याचं नाव मिळावं म्हणून."

"आठवतंय की! 'मला मारायचंच' म्हणून हटून बसले होते. पहिल्याच पानावर मारलंय. आलेत कुठे?"

"मार्चमध्ये गेला तो."

"अरे देवा."

"पुस्तकात तरी जिवंत ठेव ना गं त्याला."

"अहो विनी, त्यांच्या खुनावरच तर सगळं पुस्तक उभं आहे. सोमवारी छपाईला चाललंय."

"बरं, मार मग. पण आधी सकाळचा चहा तरी निवांत पिऊ दे. त्या दिवशी अर्धा कप तसाच राहिला होता त्याचा."

"विनी... विष चहातच आहे हो."

"आटपा की पुढे!" मागून कोणीतरी ओरडलं.

थियाचं पेन हातातच. म्हातारी जागची हलेना.

आता तूच सांग, थियाच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?