नवऱ्याचं नाव

तांबी बसवायच्या रांगेत नीलम्मा कोरा फॉर्म घेऊन उभी होती. नवऱ्यानं सही द्यायला साफ नकार दिला होता. शेजारच्या बाकावर तपासणीला आलेली गोजरबाई जावेबरोबर खिदळत होती.

"गोजरे, पाहणीला आलेल्या गोऱ्या मडमेनं काय इचारलं गं?"

"रातीचं समदं! नगं म्हणता येतं का, तुलाबी सुख मिळतं का..."

"आन् तू सांगितलंस?"

"घडाघडा! लाजायचं काय त्यात?"

"आन् नर्सबाईला नवऱ्याचं नाव?"

"अगं बया! ते कसं घ्यायचं? पदरात तोंडच घातलं."

"मग सही?"

"नावच न्हाय, तर सही कुणाची मागणार? बसवली की तांबी!"

नर्सबाईनं हाक मारली, "नीलम्मा! नवऱ्याचं नाव?"

नीलम्मानं झटकन पदर तोंडावर ओढला. "अय्यो बाई, नाव कसं घेऊ?"