दाढेचा मान

दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या, एक पन्नाशीची आणि एक मांडीवर लॅपटॉप घेतलेली तरुण.

"डॉक्टर फारच उशीर करताहेत. मला परत ऑफिस गाठायचंय."

"करू देत. आयतं बसायला मिळतंय."

"दाढ फार दुखतेय का?"

"दाढ कसली, डोकं फिरायची वेळ आली होती. मनाच्या डॉक्टरकडे जाते म्हटलं, तर घरात सगळे हसले. खाऊनपिऊन सुखी बाईला कसलं आलंय टेन्शन, म्हणे."

"आमच्याकडे म्हणतात, स्वतःसाठी वेळ काढत जा. मुलं झोपल्यावर."

"मग मी दाढ दुखते म्हणून सांगितलं. यांनी स्वतः गाडीतून आणून सोडलं. सासूबाईंनी चक्क भाजी चिरली."

"दाढेला मान आहे म्हणायचा."

"आहेच मुळी. खुर्चीत पाय पसरून पडायचं. तोंड उघडं, त्यामुळे कुणाला उत्तर द्यायला नको. मागच्या खेपेला मला डुलकी लागली."

"त्या यंत्राच्या आवाजात?"

"घरचा मिक्सर त्याहून मोठ्याने ओरडतो, आणि तो उभ्याने ऐकावा लागतो."

आतून मदतनीस बाई डोकावली. "काकू, आज कुठली दाढ दुखतेय?"

"जिला जास्त वेळ लागतो ती."