चौदा नंबरची सीट

नाही काका, तिथे नाही, ही – चौदा नंबर. तेरा माझी, चौदा बाबांची. थांबा, ओली आहे, पुसतो. हां, बसा. ग्लोव्ह्ज आणलेत का? नाही? मिशिगनमध्ये अठरा वर्षं काढलीत आणि एप्रिलमध्ये ग्लोव्ह्ज नाहीत, कमाल आहे तुमची. हे घ्या शेंगदाणे, व्हेज आहेत, घाबरू नका. आणि सुमंतकाका, एक आधीच सांगतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल – तुम्ही काही बेसबॉल बघायला आलेला नाहीत. तुम्ही सहावे. इथल्या पहिल्या मॅचला अनिलकाका आले. दुसऱ्या मॅचला प्रतिमामावशी – त्या चार इनिंग्ज हेच विचारत होत्या की तो पळताना बॅट अशी फेकून का देतो, घरी कुणी वळण लावलं नाही का – जाताना या स्कोअरच्या वहीचा फोटो काढून गेल्या, 'किती सुबक रे!' मग आणखी तिघं. सगळ्यांच्या हातात बाबांचं तिकीट आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, अरे सिद्धेश, डिग्री तेवढी पूर्ण कर. ते बघा, तिकडे कुंपणामागे दोघं हात गरम करतायत ना? तो बुलपेन. इथला पिचर, म्हणजे आपला बोलर, थकला की तिथून ताजा पाठवायचा. बाबा पण तेच करतायत, घरी नोव्हायला बसून एकेक ताजा काका. स्वतः मात्र यायचं नाही.

स्कोअर? शून्य-एक, आपण मागे. हे नेहमीचंच. पहिल्या चार जिंकलो, नाचलो, मग सलग सहा हरलो, मग तीन जिंकलो, आणि काल अकरा-दोन असा मार खाल्ला. सात-सात. ही आपली टीम अशीच आहे एप्रिलमध्ये, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. आणि तुम्हाला गंमत सांगू? मी नऊ वर्षांचा होतो, आपण सुरुवातीलाच आठ मॅचेस हरलो, मी याच सीटवर बसून रडलो, तर बाबा म्हणाले – सीझनला एकशे बासष्ट मॅचेस आहेत बेटा, आठ मॅचेसवरून कुणाला नापास करायचं नसतं, एप्रिलमध्ये निकाल लावतो तो मूर्ख. वा! काय धीर, काय दिलदारी! वर्षात दोनशे वेळा दांडी गुल होणाऱ्या बॅटरला धीर, आणि पोरानं तीन सेमिस्टर वाया घालवले की – नापास. जानेवारीपासून माझ्याशी एक शब्द नाही. आईमार्फत निरोप. 'त्याला सांग गाडी ड्राइव्हवेमध्ये आडवी लावू नको.' मी तीन फुटांवर उभा!

मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. त्यांनी कष्ट केले. केले ना, नागपूरहून आले, वीस वर्षं ब्रेकचे पार्ट्स डिझाइन केले, मी कुठे नाही म्हणतोय? पण तुम्हा सगळ्यांना पोरं हवी असतात ती मराठी मंडळाच्या स्टेजवर उभी करायला. तुम्ही लोक गाड्या डिझाइन करता, मी दुकानात टायर बदलतो. चांगला बदलतो. परवा एका गिऱ्हाइकानं मला नावानं विचारलं. पण ते काही न्यूजलेटरमध्ये छापून येत नाही – थांबा, थांबा – गेला! आऊट! कुणी फेकला? शॉर्टस्टॉपनं ना, त्या दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरनं? तुम्ही पाहिलंत? जाऊ दे, शॉर्टस्टॉपच असेल. लिहितो.

हो, हातानंच. फोनवर सगळं येतं, पण बाबांचं हे वेड. नागपूरला क्लबच्या क्रिकेट मॅचेसचे स्कोअरर होते ते, म्हणून इथे आल्यावर बेसबॉलही वहीत उतरवायला लागले. प्रत्येक बॉल. सख्ख्या भावाला अंपायरनं चुकीचं आऊट दिलं, आजोबा पॅव्हिलियनमधून ओरडले, तरी यांनी आऊटच लिहिलं. मला शिकवताना म्हणायचे, वहीत फक्त झालेलं लिहायचं, व्हायला हवं होतं ते नाही. पेन्सिल त्यांचीच आहे ही. वहीपण. आणली मी उचलून, विचारायचं कुणाला, बोलतं कोण.

काय? नाही, इंटर्नशिपचं मी आपलं घरी सहज बोललो – त्यांना कुणी सांगितलं होतं मंडळाच्या संक्रांतीला माईक हातात घ्यायला? शाळेच्या कॅफेटेरियात दोनशे माणसं, आणि हे, 'आमच्या सिद्धेशला इंटर्नशिप मिळाली!' आणि ती नैना, माझ्याच डिपार्टमेंटची, तिळगूळ चघळत इंग्लिशमध्ये म्हणते, पण अंकल, तो तर फॉलपासून एनरोलच नाहीये, म्हणजे ऑगस्टपासून कॉलेजात नावच नाही. चमचे वाजायचे थांबले. झाली ना फजिती, दुखला ना अहंकार, म्हणून हा रुसवा. बाकी काही नाही.

बाकी काय असणार? – असं नका बघू काका. मार्कशीटचं त्यांनी सांगितलं तुम्हाला? नाही सांगितलं? मग असे का बघताय? – ठीक आहे, केली मी. पीडीएफ उघडली, एफचे ए केले, दहा मिनिटांचं काम. त्यांनी प्रिंट काढून फाइलला लावली. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो, कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसायचो, चार महिने, आईची पोळीभाजी गाडीत खायचो. संक्रांतीहून परत येतानाच्या पस्तीस मिनिटांत बाबांना त्या मार्कशीटचाही हिशेब लागला असणार. गॅरेजमध्ये गाडी बंद केली आणि एवढंच म्हणाले – नापास झालास ते चालतं रे. तू स्कोअर बदललास.

बस. तेवढंच. त्यानंतर नाही बोललेत.

हे मी तुम्हाला का सांगतोय? अनिलकाकांना नाही सांगितलं, कुणालाच नाही. खा ना शेंगदाणे. केव्हा संपली ही इनिंग? बघा, बडबडीत दोन बॅटर गेले. एक स्ट्राइकआऊट असेल, एकाचा बॉल उंच उडून कॅच गेला असेल. भरून टाकतो. कुणाला कळतंय.

निघालात? बरं. लेक्चर दिलंच नाहीत तुम्ही, पहिलेच. थँक्यू. – हे काय, फोन कशाला काढताय? वहीचा फोटो? मावशींनी पण काढला होता. आणि अनिलकाकांनी पण, मला वाटलं फेसबुकला टाकायला. त्या तिघांनी पण... सहाच्या सहा जणांनी? काका, खरं सांगा. हा फोटो कुणी मागवलाय?

...प्रत्येक मॅचचा?

आणि तुम्हाला काय बजावून पाठवलं होतं, मला समजवा असं? – नाही? ते तुमचं तुम्हीच? त्यांनी फक्त पान मागितलं?

थांबा. नका काढू. खाली करा तो फोन, नका काढू म्हणतोय ना! ही तीन घरं – हा शॉर्टस्टॉप, आणि हे पुढचे दोन – हे मी पाहिलेलं नाही. अंदाजानं भरलंय. खोडरबर कुठे गेला, खिशात होता... हां. हे खोडलं. हेही. आणि हे. आता इथे लिहितो – मराठीतच लिहितो, त्यांना बरं वाटेल – 'पाहिलं नाही'. तिन्ही घरांत. दिसतंय ना नीट? सावली पडतेय तुमची, सरका.

काढा आता.

झाला? पाठवलात? मग उठा काका, निघा. आणि बाबांना सांगा, आता दुसऱ्या कुणा काकाला पाठवू नका. अजून तीन इनिंग्ज आहेत आणि सीट परत ओली व्हायला लागलीये, मला पुसायचीये.