सोमवारी बंद केलेली गोळी

हृदयाच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक वयस्कर नवरा-बायको नंबरची वाट बघत होते.

"गोळी कुणाला विचारून बंद केलीत?"

"बरं वाटत होतं गं. सोमवारपासून नाही घेतली."

"आणि गुरुवारी छाती धरून जिन्यात बसलात. त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत?"

"हृदयाच्या पेशींना कान असतात म्हणाले."

"कानांसारखे रिसेप्टर. अ‍ॅड्रेनलिन त्यांना 'पळ' म्हणून सांगतं. गोळी त्या कानांत बोळे घालते."

"मग बोळे काढले तर बिघडलं कुठे?"

"नीट ऐकू येईना, म्हणून पेशींनी वर्षभरात आणखी कान उगवले. तुम्ही सगळे बोळे एकदम काढलेत. साधं बोलणंही त्यांना आरडाओरडा वाटलं. गोळी सोडायची तर हळूहळू, तीही विचारून."

"आणि कुणी कायमच ओरडत राहिलं तर?"

"तर पेशी कान आत ओढून घेतात म्हणाले."

"हे मात्र पटलं. पस्तीस वर्षांचा अनुभव आहे."

"हसताय काय? जिन्यात मी किती हाका मारल्या तुम्हाला. वाटलं, संपलं सगळं."

"ऐकल्या गं. एकूण एक हाक ऐकली."

"मग ओ का नाही दिलीत?"

"सवय कुठे आहे?"