भाऊजींची तयारी

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरच्या किडनीतज्ज्ञ डॉक्टरबाई, कराटे वर्गाचे आजी-माजी विद्यार्थी, पालक आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी ताई,

आज ज्यांना आपण निरोप देतोय ते तुमचे सर, माझे भाऊजी. मेहुणीच्या हाती माइक द्यायचं कुणाला सुचलं, माहीत नाही. परिणाम भाऊजींनी भोगावेत.

ताईच्या दोन्ही किडन्या थकल्या, हे तुम्ही जाणताच. भाऊजी म्हणाले, माझी एक घ्या. चहात साखर किती, यावर या दोघांचं आजवर जुळलेलं नाही. पण रक्तगट जुळला. उरली फक्त भाऊजींची तपासणी.

आता मला सांगा, परीक्षेला तयारीशिवाय कोण जातं? भाऊजींनी घाम गाळायला पहाटेच रेनकोट चढवला. दोरीवरच्या उड्या झाल्या, जिने झाले, लाथा झाल्या. पाण्याचा थेंब नाही. सरावात पाणी मागणाऱ्याला ते काय म्हणतात, ते पालकांसमोर न सांगितलेलं बरं. आणि तसेच घामाघूम होऊन नमुना द्यायला हजर. म्हणाले, "किडनी किती कसलेली आहे, कळू दे त्यांना."

कळलं. लघवीत प्रथिनं, रक्त. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं. अशी किडनी घेता येणार नाही, असा निरोप आला. ताई एवढंच म्हणाली, "बरं झालं. तुमचं तुमच्याकडेच राहू दे." मग स्वयंपाकघरात जाऊन तिने बराच वेळ नळ सोडून ठेवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "हे गृहस्थ करतात काय?"

"लाथा मारतात."

"तपासणीच्या दिवशीही?"

"त्या दिवशी जरा जास्तच."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. इतकी मेहनत, तीही पाण्याशिवाय, केली की चांगल्या किडनीचाही अहवाल काही दिवस आजारी दिसू शकतो, म्हणाल्या. विश्रांती, भरपूर पाणी, मग पुन्हा तपासणी.

विश्रांती! आणि राखणीला मी. एकदा न्हाणीघरातून धपाधप आवाज.

"भाऊजी, काय चाललंय?"

"अंग पुसतोय."

"मग दार का हलतंय?"

"दमाने पुसतो, बाई."

दुसरा अहवाल स्वच्छ आला. परवा शस्त्रक्रिया आहे. एका किडनीवर कुशीत लाथा खाणं परवडणार नाही, आणि मार न खाता शिकवणं त्यांना जमत नाही. म्हणून हा निरोप. वर्ग आता त्यांची थोरली विद्यार्थिनी चालवेल. तिने आल्या आल्या कोपऱ्यात पाण्याचं पिंप ठेवलं. सरांनी तिकडे पाठ करून परवानगी दिली.

आयोजकांचे आभार, डॉक्टरबाईंचे तर किती मानू? थट्टेत अधिकउणं बोलले असेन तर पोटात घाला. भाऊजींना घालावंच लागेल, नातंच तसं आहे. शेवटी एक विनंती. भेटायला पुढे याल तेव्हा नमस्कार करा, हात हातात घ्या. पाठीवर थाप मात्र कुणी मारू नका. तिथे माझ्या ताईची ठेव आहे.